वेदनेची चाचणी विक्रेत्याच्या हाती नको

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



मणक्याच्या पोकळीत, मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला एक बारीक तार सरकवायची, ती पोटाच्या किंवा कुल्ल्याच्या कातडीखाली बसवलेल्या पेसमेकरसारख्या डबीला जोडायची आणि त्या डबीतून मज्जारज्जूला विजेचे मंद ठोके देत राहायचे. या उपचाराला डॉक्टर मंडळी ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन’ म्हणतात. नसेला इजा झाल्यावर मागे उरणारी, वर्षानुवर्षं न विझणारी आग या उपायानं काही जणांची निम्म्यावर येते. काही जणांना त्याचा काडीचा उपयोग होत नाही. पहिल्या गटात कोण आणि दुसऱ्यात कोण, हे आधी ओळखण्याची सोय सरकारी रुग्णालयात असावी आणि तो निर्णय यंत्र विकणाऱ्याच्या हाती जाऊ नये, हे मागण्यासाठी मी आपल्याला लिहिते आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडची गर्दी वाढते, कारण रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांवर मोटरसायकली आदळतात. हाड जुळतं, जखम भरते, टाके निघतात. एक्स-रे उजेडापुढे धरून ‘आता छान आहे’ असं सांगितलं जातं. आणि खरं दुखणं तिथून पुढे सुरू होतं. हात भाजल्यासारखा जळतो, मध्येच करंट बसतो. अंगावरची चादर सोसवत नाही, पंख्याचा वारा बोचतो. पण त्याच हातावर टाचणी टोचली तर समजत नाही. एकाच वेळी बधिर आणि हुळहुळा असा हा हात घरच्यांना कसा समजावा? जखम दिसत नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे मनाचं असणार, नाहीतर काम टाळायचं निमित्त. असं म्हणणारे लोक दुष्ट नसतात. ते थकलेले असतात.

माझे काही पेशंट ओपीडीत येताना हातावर ओला पंचा टाकून येतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांना तपासलं. त्याचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं या विषयावरचं पुस्तक १८६४ सालचं आहे. मिचेलच्या लिखाणात जळता हात सतत ओल्या फडक्यात ठेवणारे सैनिक भेटतात, आणि बुटात पाणी ओतून चालणारेही. आमच्याकडच्या ओल्या पंच्याला इतकी जुनी साक्ष आहे, तरीही ‘मनाचं आहे’ हे वाक्य काही जात नाही.

या दुखण्याचं मूळ असं, की वेदनेची बातमी आणणारी नसच नासलेली असते. जागेवर काही घडत नसताना ती ओरडत राहते. म्हणून मेडिकलमधून आणलेली साधी पेनकिलर इथे चालत नाही. उलट रिकाम्या पोटी घेतलेल्या त्या गोळ्यांनी जठर आणि मूत्रपिंड यांचं नुकसान होतं. अॅमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन ही खरी औषधं. पण त्यांचीही ताकद बेताची. ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त २०१५ साली आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार, नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत एका जादा माणसाचं दुखणं निम्म्यावर आणायला प्रिगॅबालिन सरासरी आठ जणांना द्यावं लागतं. अॅमिट्रिप्टिलीनच्या जुन्या, स्वस्त घराण्याचा हाच आकडा साडेतीनच्या आसपास आहे. थोडक्यात, सगळं नीट दिलं तरी बरेच लोक जळतच राहतात. तारेचा विचार करायचा तो या लोकांसाठी.

ही कल्पना नवी नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक फाटक असतं. स्पर्श वाहून नेणारे जाड तंतू जागे झाले की बारीक तंतूंनी आणलेली वेदना त्या फाटकाशी अडते. गुडघा आपटल्यावर आपण तो चोळतो ते उगीच नाही. दोनच वर्षांनी क्लीव्हलंडचे न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी हे फाटक विजेनं लावून पाहिलं. थॉमस मॉर्टिमर या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं त्यांना उपकरण बनवून दिलं होतं आणि रुग्ण होता कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला एक माणूस. त्याचं आयुष्य थोडंच उरलं होतं, पण वेदना शमली. मूळ सिद्धान्तात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आणि यंत्र नेमकं कसं काम करतं याबद्दल अजून वाद आहेत. तार मात्र राहिली.

आम्हा फिजिओथेरपिस्टांना या इतिहासातला एक तुकडा जवळचा वाटतो. गल्लीबोळातल्या दवाखान्यातही ‘टेन्स’ नावाचं छोटं मशीन असतं, कातडीवर पट्ट्या चिकटवून मुंग्या आणणारं. अशी कातडीवरची वीज सुरुवातीला वापरली गेली ती आत यंत्र बसवण्यात कोणाच्या बाबतीत अर्थ आहे, हे चाचपण्यासाठी. म्हणजे निवडीचा प्रश्न या उपचाराच्या पाळण्यापासून सोबत आहे.

आजची पद्धत थोडक्यात सांगते, कारण माझं मागणं तिच्यातल्या एका टप्प्याबद्दल आहे. रुग्णाला पालथं झोपवून, जागा बधिर करून, ‘सी-आर्म’ या एक्स-रे यंत्राखाली पाहत पाहत जाड सुईतून तार आत सोडतात. ती मज्जारज्जूत घुसत नाही. त्याच्या आवरणाच्या बाहेर, प्रसूतीत कळा कमी करण्यासाठी औषध सोडतात त्याच पोकळीत राहते. नेहमीच्या पद्धतीत रुग्ण जागा असतो, कारण डॉक्टरला विचारायचं असतं, ‘मुंग्या कुठे येतात?’ जिथे जळतं तिथेच मुंग्या आल्या पाहिजेत. अलीकडे सेकंदाला १०,००० ठोके देणारी यंत्रं आली आहेत, त्यांत मुंग्या जाणवतच नाहीत. तार बसली की तिचं बाहेरचं टोक कमरेला बांधलेल्या तात्पुरत्या डबीला जोडतात आणि रुग्णाला साधारण आठवडाभर घरी पाठवतात. झोप लागते का, चालता येतं का, दुखणं निम्मं झालं का हे पाहायचं. झालं तर कायमचं यंत्र. नाही झालं तर तार ओढून काढली की संपलं. चिरफाड नाही, खर्चाचा डोंगर नाही.

आता एका घराबद्दल. पंचविशीतला मुलगा, दूध संकलनाच्या टेम्पोवर होता. मोटरसायकलवरून पडला, डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ताणला गेला. हात लोंबकळतो, पण न हलणाऱ्या त्या हाताची बोटं पक्कडीत धरून पिळल्यासारखी दुखतात, दिवसातून कितीदा तरी, आणि कळ आली की तो बोलता बोलता थांबतो. एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात त्याला यंत्राचा सल्ला आणि काही लाखांचं कोटेशन मिळालं. वडील माझ्याकडे आले ते सातबाराचा विषय घेऊनच. “मॅडम, अर्धा एकर गेला तरी चालेल, पोराची कळ थांबती का तेवढं सांगा.”

त्यांच्या पिशवीतला एमआरआयचा रिपोर्ट स्पष्ट होता. मानेतली खालची दोन मुळं मज्जारज्जूपासून उपटली गेली होती. हा तपशील कोरडा वाटेल, पण त्या अर्ध्या एकराचा फैसला त्यातच होता. कातडीकडून स्पर्श आणणाऱ्या जाड तंतूंच्या पेशी मज्जारज्जूच्या बाहेर, मुळाशी असलेल्या गाठीत असतात. तिथून त्यांचे धागे मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर मेंदूकडे जातात. हेच धागे जागे करण्यासाठी तार असते. नस त्या गाठीच्या पुढे, हाताकडे तुटली असेल तर आतले धागे शाबूत राहू शकतात आणि तारेला काही पकडायला मिळतं. मूळच उपटलं गेलं तर आतले धागे वाळून जातात. म्हणून अशा रुग्णांत यंत्राचं यश फारसं दिसत नाही. मज्जारज्जू पूर्ण कापला गेला असेल तर त्याखालच्या दुखण्याचंही तसंच. मूळ उपटलेल्यांसाठी वेगळीच शस्त्रक्रिया आहे: मूळ जिथे मज्जारज्जूत शिरत होतं तिथले भडकलेले पेशीसमूह नेमके जाळायचे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे ब्लेन नॅशोल्ड यांनी ती १९७०च्या दशकात रूढ केली. अवघड आणि जोखमीची आहे, पण या एका दुखण्यात तिचं नाव आहे. यंत्राचं कोटेशन देताना हे कोणीच बोललं नव्हतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या न्यूरोसर्जननं ते रिपोर्ट बघून पाच मिनिटांत सांगितलं. रान वाचलं. मुलाच्या कळा औषधांनी थोड्या मवाळ झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत. शस्त्रक्रिया करून घ्यायची का, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

माननीय महोदय, ती पाच मिनिटं त्या कुटुंबाला नशिबानं मिळाली. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणाला विचारायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

या उपचाराच्या बाजूचे पुरावे हलके नाहीत. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय जळत राहिलेल्या १०० रुग्णांवरचा ‘प्रोसेस’ हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख कृष्णा कुमार हे कॅनडात रजायनाला काम केलेले भारतीय वंशाचे न्यूरोसर्जन. सहा महिन्यांनी यंत्रवाल्यांपैकी ४८ टक्के लोकांचं पायाचं दुखणं निम्म्यावर किंवा त्याखाली आलं. फक्त औषधं आणि इतर उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण होतं ९ टक्के. हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण त्याच अभ्यासात वर्षभरात साधारण तिघांपैकी एका रुग्णाला यंत्राशी निगडित काही ना काही गुंतागुंत झाली: तार सरकणं, जंतुसंसर्ग, डबीच्या जागी दुखणं. आणि अभ्यासाचा खर्च यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं उचलला होता. यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. वाचणाऱ्यानं चष्मा पुसून वाचावं, इतकंच. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २००८ साली या उपचाराला सरकारी आरोग्यसेवेत मान्यता दिली, ती अटी घालून: नसेचंच दुखणं हवं, ते १००पैकी किमान ५० तीव्रतेचं हवं, नेहमीचे उपचार करूनही सहा महिने टिकलेलं हवं, वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून तपासलेलं हवं आणि तात्पुरती चाचणी यशस्वी झालेली हवी.

दुसऱ्या बाजूलाही पाहू. नेदरलँड्समध्ये झालेला आणि २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला केमलर यांचा अभ्यास हात किंवा पाय सुजून, रंग पालटून जळत राहणाऱ्या, ‘सीआरपीएस’ म्हटल्या जाणाऱ्या दुखण्यावर होता. ज्या ३६ जणांना यंत्र द्यायचं ठरलं, त्यांतले २४ तात्पुरत्या चाचणीत उत्तीर्ण झाले. म्हणजे १२ जण एका नको त्या यंत्रापासून वाचले. सहा महिन्यांनी यंत्राच्या बाजूनं स्पष्ट फरक होता; पाच वर्षांनी मोजलं तेव्हा दोन गटांतला वेदनेचा फरक विरून गेला होता. त्यानंतर २०२२ साली नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमहून ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला आणि खळबळ उडाली. ५० रुग्णांना यंत्र बसवून काही काळ ते खरोखर चालू आणि काही काळ गुपचूप बंद ठेवलं. मुंग्या न आणणारा प्रकार निवडल्यानं रुग्णाला चालू-बंद कळत नव्हतं. दैनंदिन हालचालींतल्या अडचणींत दोन्ही काळांत लक्षणीय फरक पडला नाही. यंत्राच्या समर्थकांचं म्हणणं, विजेची मात्रा आणि पद्धत योग्य नव्हती. तो आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण कंपनीच्या पैशाविना झालेल्या नेटक्या अभ्यासानं असं उत्तर द्यावं, हेही झटकून टाकता येत नाही. २०२३ सालच्या कॉक्रेन आढाव्यानं तर नुसत्या कंबरदुखीसाठी हे यंत्र चाचण्यांबाहेर वापरण्याला पुराव्याचा आधार नाही असंच म्हटलं आहे.

माझ्या मागणीलाच अडचणीचा ठरेल असाही एक अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये १०५ रुग्णांवर ‘ट्रायल-स्टिम’ हा प्रयोग झाला: अर्ध्यांना तात्पुरती चाचणी करून यंत्र, अर्ध्यांना थेट यंत्र. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची वेदना सारखीच. मग चाचणीचा आग्रह कशाला? तर तिथे कोणत्याही गटात शिरण्याआधी रुग्ण वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांच्या एकत्रित गाळणीतून आलेला होता. वरच्या टोकाला गाळणी असेल तर खालच्या चाचणीचं काम कमी उरतं, हे मला मान्य आहे. आपल्याकडे वरची गाळणी बहुतेक ठिकाणी नाहीच. ती जोवर उभी राहत नाही तोवर आठवड्याची चाचणी हा रुग्णाच्या हातातला एकमेव नकाराधिकार आहे. तो तरी शाबूत ठेवा.

आणि तो नकार नोंदवणारा माणूस कोण असतो, ते पाहा. जगात अनेक ठिकाणी ऑपरेशन थिएटरमध्ये आणि नंतरच्या भेटींत या यंत्राच्या सेटिंग लावायला कंपनीचा प्रतिनिधी उभा असतो. त्याचं यंत्रावरचं ज्ञान डॉक्टरपेक्षा जास्त असू शकतं आणि बहुतेक वेळा तो मदतीलाच आलेला असतो. पण आठवडाभरानं रुग्ण म्हणतो, “थोडं बरं आहे, पण नक्की सांगता येत नाही,” तेव्हा त्या ‘थोडं’चे किती टक्के धरायचे? समोर बसलेल्याचा पगार विक्रीवर अवलंबून असेल तर ते पन्नास भरतातच. २०१८ साली शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ‘इम्प्लांट फाइल्स’ ही वृत्तमालिका केली. भारतात ‘इंडियन एक्स्प्रेस’ तिच्यात सहभागी होता. मज्जारज्जूवरच्या या यंत्रांबाबत २००८पासून ८०,०००हून अधिक इजांच्या तक्रारी अमेरिकी औषध प्रशासनाकडे साचल्याचं त्यातून पुढे आलं. एवढ्या तक्रारी निदान कोणीतरी लिहून घेतल्या, ही त्यातली जमेची बाजू. आपल्याकडे उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा ‘मटेरियोव्हिजिलन्स’ कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला आहे. जिल्ह्यातल्या किती डॉक्टरांनी त्याचा फॉर्म कधी पाहिला आहे, हे आपण एखाद्या आढावा बैठकीत सहज विचारून पाहावं.

घाई करायचं कारण मधुमेह आहे. जुलै २०२१मध्ये अमेरिकेत मधुमेहामुळे पायांत होणाऱ्या जळजळीसाठी १०,००० ठोक्यांच्या यंत्राला परवानगी मिळाली. आधार होता २१६ रुग्णांच्या अभ्यासाचा: यंत्रवाल्यांपैकी ७९ टक्क्यांचं दुखणं निम्म्यावर, औषधवाल्यांपैकी ५ टक्क्यांचं. आकडे थक्क करणारे आहेत. पण दिखाऊ यंत्राशी तुलना नव्हती, तुलनेचा गट आधीच निरुपयोगी ठरलेल्या औषधांवर होता आणि ज्यांची तीन महिन्यांची साखर फार चढलेली होती त्यांना अभ्यासातच घेतलं नव्हतं. आपल्याकडे तळपाय जळणारा माणूस घराघरांत आहे, आणि त्याची साखर बहुधा त्या अभ्यासाच्या दारातही उभी राहणार नाही. अशा शरीरात बाहेरची वस्तू बसवली की जंतुसंसर्गाची भीती मोठी. बाजार मात्र आकड्यांतले ७९च दाखवेल.

यंत्र बसल्यानंतरचं आयुष्य हा वेगळाच विषय आहे आणि तो आमच्या ओपीडीत येऊन आदळतो. ज्याच्या अंगात अशी तार आहे त्याला शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक कधीही द्यायचा नसतो. शेकाच्या लहरी तारेत शिरून टोकाशी उष्णता निर्माण करतात, आणि ते टोक मज्जारज्जूला खेटून असतं. आमच्या धंद्यात हे पाठ असायला हवं. पण शहरात यंत्र बसवून तालुक्याला परतलेला माणूस खांदा आखडला म्हणून जवळच्या दवाखान्यात शेक घ्यायला जातो, डबी कपड्याखाली असते, आणि विचारायचं कोणाला सुचत नाही. अशा प्रत्येक रुग्णाच्या खिशात मराठीत छापलेलं कार्ड हवं: यंत्र कोणतं, एमआरआय चालतो का, शेक चालत नाही, संपर्क कोणाशी. छापायला काय लागतं? मग बॅटरीचा प्रश्न. चार्ज न होणारी डबी काही वर्षांत संपते आणि बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया. चार्ज होणारी जास्त टिकते, पण तिला नियमित वीज लागते आणि चार्ज करण्याची शिस्त लागते. पहिल्या यंत्राचा खर्च एखादी योजना किंवा ट्रस्ट उचलेलही. दुसऱ्या डबीच्या वेळी तो फॉर्म कोण भरणार, हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं हवं. सेटिंग बदलायला सिरोंच्याहून नागपूरला फेऱ्या मारणारा माणूस दोन फेऱ्यांनंतर येणं सोडून देईल, आणि अंगात एक बंद डबी घेऊन आयुष्य काढेल.

माझी मागणी आता सरळ सांगते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातला एक दिवस ठरवून भूलतज्ज्ञ, न्यूरोसर्जन, मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकाच खोलीत बसतील अशी वेदना ओपीडी हवी. रुग्णाला चार केसपेपर घेऊन चार मजले चढावे लागू नयेत. ज्यांच्यावर औषधांचे उपाय संपले आहेत आणि दुखणं नसेचंच आहे असं या खोलीनं ठरवलं, त्यांचीच तात्पुरती चाचणी तिथे सरकारी खर्चानं व्हावी. चाचणीआधी आणि नंतर झोप, चालणं, वेदना यांची नोंद त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यानं घ्यावी आणि त्या वेळी कंपनीचा माणूस खोलीबाहेर असावा. सेटिंग लावायला दोन-तीन सरकारी तंत्रज्ञ तयार करावेत. कायमचं यंत्र बसलेल्या प्रत्येकाची नोंदवही ठेवावी: सहा महिन्यांनी, वर्षानं, पाच वर्षांनी काय झालं, किती यंत्रं काढावी लागली. ती नावं वगळून दरवर्षी जाहीर करावी. अशी नोंदवही झाली तर ती आपल्या इथल्या शरीरांची, आपल्या इथल्या कामाची असेल; मांडी घालून बसणाऱ्या, डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसाच्या पाठीत तार किती टिकते हे ट्रॉन्डहाइमला कळणार नाही.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांकडून याहून साधी अपेक्षा आहे. नसेचं दुखणं ओळखण्यासाठी फ्रान्समध्ये तयार झालेली ‘डीएन-४’ नावाची दहा मुद्द्यांची तपासणी आहे: जळजळ, गारठल्यासारखं दुखणं, करंट, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज अशी सात लक्षणं विचारायची आणि कापूस, टाचणी, ब्रश यांनी तीन गोष्टी तपासायच्या. चार किंवा जास्त गुण आले तर नसेचा संशय. परिचारिकेलाही हे शिकवता येतं, आणि लागणारा खर्च म्हणजे एक टाचणी. त्यापाठोपाठ अॅमिट्रिप्टिलीनसारखी औषधं तिथल्या औषधभांडारात बारमाही असावीत. कित्येकांचा प्रवास तिथेच थांबेल आणि त्यांना कोणत्याही यंत्राची गरज पडणार नाही.

किंमत केंद्राच्या अखत्यारीत येते, हे ठाऊक आहे. पण फेब्रुवारी २०१७मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची, तेव्हा अशक्य वाटणारी गोष्ट कागदावर उतरली. चार शासकीय केंद्रांनी मिळून एकत्र खरेदी केली, तरी घासाघीस करण्याची ताकद एकट्या बापाच्या अर्ध्या एकरापेक्षा जास्त असेल. जाता जाता आणखी एक: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन वेदना हा प्रकार नाही. हात शाबूत दिसतो म्हणून प्रमाणपत्राच्या रांगेतून परत पाठवलेले लोक मी पाहते. तो कायदा बदलणं आपल्या हाती नाही, शिफारस करणं आहे.

आणखी एक अडचण आपल्याच इमारतीतली. जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, त्यामुळे टाचणी एका खात्याची आणि तार दुसऱ्या खात्याची होणार. म्हणून या पत्राची प्रत वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांनाही पाठवते आहे. पहिल्या वर्षी एकही कायमचं यंत्र बसलं नाही आणि नुसती ओपीडी आणि नोंदवही सुरू झाली, तरी माझी तक्रार नसेल. या विषयावर बैठक बोलावलीत तर पहिल्या दिवशी रुग्ण, न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ आणि आम्ही फिजिओथेरपिस्ट असू द्या. कंपन्यांच्या प्रतिनिधींनाही जरूर बोलवा; त्यांना दुसऱ्या दिवसाची वेळ द्या.

कळावे,

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट